बेताचे व्याकरण

मराठीत ‘बेत’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. पुढे काय करायचे याची मनाशी केलेली आखणी हा एक, आणि पानात काय काय वाढायचे हा दुसरा. ‘आज काय बेत?’ या प्रश्नाला ‘सिंहगडावर जाऊ’ असेही उत्तर देता येते आणि ‘पुरणपोळी’ असेही. ‘नियोजन’ या शब्दात ही गंमत नाही. नियोजन शहराचे असते, कुटुंबाचे असते, पंचवार्षिक असते. ते पानात वाढता येत नाही. बेत मात्र रचतात, आखतात, तडीस नेतात, हाणून पाडतात. आणि तो फसतोही. एवढी क्रियापदे ज्या नामाभोवती गोळा झाली, त्याला आपल्या साहित्यविचारात जागा नाही. प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार मानला जातो, प्रवासाचा बेत मानला जात नाही. परत आल्यावर लिहिलेले ते साहित्य, आणि निघण्याआधी लिहिलेली ती यादी, अशी ही सोपी वाटणी आहे. ती आम्हांला अपुरी वाटते.

का वाटते हे सांगण्यासाठी घेतलेले उदाहरण साहित्याच्या अभ्यासकांना हलके वाटण्याचा संभव आहे. ते आहे फ्लॉरिडातल्या ऑरलँडोजवळच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डच्या कौटुंबिक सहलीचे. आम्ही, म्हणजे आम्ही नवराबायको, न्यू जर्सीत राहतो. इथल्या मराठी घरांत ही सहल जवळजवळ संस्कारांत जमा झाली आहे. भारतातून आईवडील आले, की नायगारा, वॉशिंग्टन आणि डिस्ने असा क्रम ठरलेला. त्यांतले पहिले दोन नुसते जाऊन पाहता येतात. तिसऱ्यासाठी बेत लागतो.

जत्रेला जायला एवढा बेत कशाला, हा प्रश्न रास्त आहे. पण ही जत्रा एक नाही. मॅजिक किंग्डम (१९७१), एपकॉट (१९८२), हॉलिवूड स्टुडिओज (१९८९) आणि अ‍ॅनिमल किंग्डम (१९९८) अशी चार स्वतंत्र उद्याने, प्रत्येकाला निदान एक अख्खा दिवस. आणि सकाळी दहा मिनिटांची असलेली रांग दुपारी तासा-दीड तासाची झालेली. त्यामुळे काय पाहायचे यापेक्षा कोणत्या क्रमाने पाहायचे हा प्रश्न मोठा ठरतो. दहा गोष्टींचे ३६,२८,८०० क्रम होतात. वीस गोष्टींचे क्रम लिहायला एकोणीस अंकी संख्या लागते. संगणकशास्त्रातल्या फिरत्या विक्रेत्याच्या प्रसिद्ध कोड्याचाच हा अवतार; फरक इतकाच, की इथे दोन गावांमधले अंतर घड्याळाप्रमाणे बदलत राहते. लेन टेस्टा या संगणकतज्ज्ञाने १९९० च्या दशकाच्या अखेरीस नेमक्या याच कोड्यावर संशोधन केले. त्याही आधी, १९८० च्या दशकापासून, बॉब सेलिंगर यांचे ‘अनऑफिशियल गाइड’ निघत आले आहे. त्यात कापून खिशात ठेवता येतील अशी वेळापत्रके असतात. सहलीच्या पुस्तकातून कात्रीने कापलेले वेळापत्रक हातात धरून धावणारा बाप ही काही आजची व्यक्तिरेखा नव्हे.

शिवाय नियम बदलतात. १९९९ मध्ये फास्टपास आला: कागदाची चिठ्ठी, फुकट, यंत्रातून काढायची आणि सांगितलेल्या वेळी परत येऊन छोट्या रांगेत शिरायचे. २०१३-१४ मध्ये तो फोनवर आला, आणि तिथल्याच हॉटेलात उतरणाऱ्यांना साठ दिवस आधी वेळ धरता येऊ लागली. २०२० च्या टाळेबंदीत तो थांबला, तो कायमचाच. २०२१ च्या ऑक्टोबरात त्याच्या जागी पैसे देऊन घ्यायची ‘लाइटनिंग लेन’ आली. जुलै २०२४ पासून ती आगाऊ धरता येते, हॉटेलवाल्यांना सात दिवस आधी आणि इतरांना तीन. दर बदलासरशी आधीचे सगळे पांडित्य एका रात्रीत बाद होते. जुन्या फास्टपासचे जाणकार आता अक्षरगणवृत्तांच्या जाणकारांसारखे दिसतात: विद्या अस्सल, पण तिचे काय करायचे ते कुणाला ठाऊक नाही.

आमची पहिली फाइल २०१९ च्या ऑक्टोबरातली. सहल ठरली होती ६ ते १० एप्रिल २०२०. उपाहारगृहातले टेबल तेव्हा एकशेऐंशी दिवस आधी धरावे लागे, म्हणून ९ ऑक्टोबरला पहाटे उठून आम्ही पहिली नोंद केली. फाइलीत सहा उभे रकाने होते: आई, बाबा, थोरली, धाकटा आणि आम्ही दोघे. आडव्या ओळी अर्ध्या अर्ध्या तासाच्या, सकाळी साडेसहा ते रात्री दहा. पाच दिवसांच्या मिळून नऊशे तीस चौकटी. (आईबाबा आमच्या दोघांपैकी कोणाचे, हे सांगण्याचे कारण नाही, फाइलीत ते दोघांचे होते.)

या चौकटींत काय होते? आईच्या रकान्यात तिचा डावा गुडघा होता. कुठे जिना आहे, कुठे सरकत्या पट्ट्यावर पाय टाकून चढावे लागते (भुतांच्या वाड्यात आणि पीटर पॅनच्या गलबतात लागते), कुठे सावलीत बाक आहे. एकादशी आली तर बटाट्याचे काप चालतील, पण ते कशात तळले हे विचारायचे. बाबांच्या रकान्यात साखर होती: दुपारी १ वाजता गोळी, गोळीबरोबर जेवण, जेवणानंतर एक तास विसावा. थोरलीला अंधाराची भीती, म्हणून अंधाऱ्या राइडच्या आधी आणि नंतर उजेडातले काहीतरी. धाकटा दीड वर्षाचा; तीन वर्षांखालच्या मुलांना तिकीट नसते, झोप मात्र असते, आणि त्याची दुपारची झोप हाच सबंध बेताचा कणा होता. आम्हा दोघांच्या रकान्यांत बहुतेक ठिकाणी ‘वरीलप्रमाणे’.

कोणी त्रयस्थाने ही फाइल वाचली असती, तर डिस्ने वर्ल्डविषयी त्याला फारसे कळले नसते. आमच्या कुटुंबाविषयी मात्र जवळजवळ सगळे कळले असते. कोण किती वेळ उभे राहू शकते, कोण उपाशी राहिल्यावर गप्प होते आणि कोण चिडते, कोणाला विचारावे लागते आणि कोण आपणहून सांगते. असे बारीक लक्ष घरातल्यांकडे आम्ही एरवी दिले असते का, याची शंका आहे. रोजच्या राहणीत माणसे अंदाजाने एकमेकांना सांभाळून घेतात. बेत आखताना अंदाज चालत नाही. आईला सलग किती मिनिटे चालता येते, ते आकड्यात लिहावे लागते.

बाबा या फाइलीला ‘बखर’ म्हणत. बखर घटनेनंतर लिहितात, हे आम्ही लक्षात आणून दिले, तेव्हा ते फोनवर म्हणाले, ‘मग ही आधी लिहिलेली बखर. निदान लढाई तरी तुमच्या मनासारखी होईल.’ आईचा आक्षेप अधिक मूलगामी होता: ‘अरे, एवढं सगळं इथंच ठरवून टाकलंत, तर तिथं जाऊन करायचं काय?’

फाइलीतली सगळी क्रियापदे एकाच रूपात होती: पोहोचू, उभे राहू, जेवू, थांबू. भविष्यकाळ, प्रथम पुरुष, अनेकवचन. कर्ता लिहिलेला नव्हता, पण तो ‘आपण’ होता हे उघड आहे. ‘आम्ही जाऊ’ म्हटले की ऐकणारा मागे राहतो. ‘आपण जाऊ’ म्हटले की तो बरोबर निघतो. हिंदीतल्या ‘हम’ला हा भेद दाखवता येत नाही, इंग्रजीलाही येत नाही, मराठी-गुजरातीला येतो, आणि तमिळ-तेलुगूसारख्या द्राविडी भाषांतही तो आहे. प्रवासवर्णनाचे सर्वनाम ‘मी’ किंवा ‘आम्ही’: वाचक तिथे गेलेला नसतो, म्हणून तर त्याला सांगायचे. बेताचे सर्वनाम ‘आपण’: ज्यांच्यासाठी लिहायचे तेच जाणार असतात. लेखक, वाचक आणि पात्रे अशी एकच असलेला दुसरा गद्यप्रकार आम्हांला तरी आठवत नाही.

प्रवासवर्णन बहुधा बेत फसल्यावरच रंगते, हेही ध्यानात घ्यावे. विष्णुभट गोडसे वरसईहून निघाले ते उत्तरेतल्या एका यज्ञात दक्षिणा मिळेल या हिशेबाने. वाटेत १८५७ चा उठाव उभा राहिला आणि ते झाशीच्या वेढ्यात सापडले. ठरल्याप्रमाणे दक्षिणा घेऊन ते घरी परतले असते, तर १९०७ मध्ये ‘माझा प्रवास’ छापायचे कारणच पडले नसते. गोष्ट सांगण्याजोगी होण्यासाठी बेत मोडावा लागतो, आणि ज्याचा मोडतो त्याला त्या वेळी गोष्ट नको असते. मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना घेऊन निघालेल्यांना तर मुळीच नको असते. सहलीहून परतल्यावर कोणी विचारले आणि ‘छान झाली’ याखेरीज सांगण्याजोगे काही उरले नाही, तर ती सहल साधली, असे आम्ही समजतो.

डिस्ने वर्ल्डच्या बाबतीत मौज अशी, की बेत आखणाऱ्याची गाठ इथे कितीतरी मोठ्या बेताशी पडते. १९६० च्या दशकाच्या मध्यास वॉल्ट डिस्ने यांनी निरनिराळ्या नावांच्या कंपन्या पुढे करून इथली सुमारे २७,००० एकर दलदल गुपचूप विकत घेतली; खरेदीदार कोण हे १९६५ च्या ऑक्टोबरात एका स्थानिक वर्तमानपत्राने फोडले. भूजल फार वर असल्याने कर्मचाऱ्यांची भुयारे जमिनीच्या पातळीवर बांधली आणि मॅजिक किंग्डम त्यांच्या माथ्यावर वसवले. आपण चालतो तो रस्ता खरे तर दुसऱ्या मजल्यावर आहे. सिंड्रेलाचा महाल १८९ फूट उंच, कारण दोनशे फूट झाले की विमानांसाठी लुकलुकता दिवा लावावा लागतो आणि परीकथेत तसला दिवा शोभत नाही. पण एवढे योजणारे वॉल्ट डिस्ने १५ डिसेंबर १९६६ रोजी वारले. उद्यान उघडले ते १ ऑक्टोबर १९७१ ला. निवृत्ती लांबणीवर टाकून ते पुरे केले थोरले भाऊ रॉय यांनी, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात तेही गेले. वॉल्टच्या मनातले एपकॉट हे माणसांनी राहायचे शहर होते. १९८२ मध्ये त्या नावाने उघडले ते तिकीट काढून पाहायचे उद्यान. मूळ शहर कागदावर आणि एका चित्रफितीतच राहिले. असो.

समीक्षेने या जागांचा समाचार पूर्वीच घेतला आहे. उंबेर्तो एको यांनी १९७५ च्या निबंधात इथली नक्कल अस्सलाहून अधिक हवीशी कशी होते ते दाखवले; बोद्रियार यांनी १९८१ मध्ये म्हटले, की डिस्नेलँड काल्पनिक म्हणून दाखवायचे ते बाहेरची अमेरिका खरी वाटावी म्हणून. दोन्ही गोष्टी आम्हांला पटतात. अ‍ॅनिमल किंग्डममध्ये ‘आनंदपूर’ नावाचे आशियाई राज्य रचले आहे: त्यात वाघ आहेत, पडके राजवाडे आहेत, काली नावाची खळाळती नदी आहे आणि एव्हरेस्टही आहे. आईने ती पाटी वाचून ‘हे कुठल्या तालुक्यात?’ असे विचारले, तेव्हा तिने बोद्रियार यांचा मुद्दा एका वाक्यात उरकला होता असे म्हणता येईल. पण या दोघांच्या सिद्धान्तांत गुडघा येत नाही. चिन्हांच्या जंगलात ते एकटे हिंडतात. आम्ही पाच जण हिंडत होतो, आणि नक्कल असो वा अस्सल, तिथे प्रसाधनगृह किती पावलांवर आहे हा आमच्यापुढचा प्रश्न होता.

पाच जण म्हणालो, ते २०२५ चे. २०२० मध्ये ६ फेब्रुवारीला फास्टपास धरून झाले, मार्चच्या मध्यास उद्याने बंद झाली, आणि महिना सरायच्या आत भारतातली आंतरराष्ट्रीय विमानसेवाही थांबली. नऊशे तीस चौकटींपैकी एकही घडली नाही. पैसे परत आले. ‘पुढच्या वर्षी’ असे सगळेच म्हणाले. २०२१ च्या मे महिन्यात बाबा गेले. सगळे आम्ही पडद्यावर पाहिले.

त्यानंतर आईने येण्याचे मनावर घ्यायला आणखी तीन वर्षे गेली. तिच्या प्रवासाची तारीख ठरली, तसे आम्ही जुनी फाइल उघडून तिची प्रत काढली. नियम सगळे बदललेले होते, टेबल आता साठच दिवस आधी धरायचे होते. थोरलीला अंधाराची भीती उरली नव्हती, उलट उजेडाचा कंटाळा आला होता. धाकटा साडेसहा वर्षांचा आणि साडेत्रेचाळीस इंचांचा झाला होता. एव्हरेस्टला चव्वेचाळीस लागतात. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने खुणा करून महिनाभर आम्ही त्या अर्ध्या इंचाची वाट पाहिली. अखेरीस ‘रायडर स्विच’ लिहिले: एकाने मुलाजवळ थांबायचे, दुसऱ्याने जाऊन यायचे, मग पाळी बदलायची, रांग एकदाच. आईचे दोन्ही गुडघे आता रकान्यात होते.

बाबांच्या रकान्याचे काय करायचे, यावर आम्ही दोन रात्री बोललो. अखेर तो काढला. एक वाजताची ओळ मात्र राहू दिली: जेवण, आणि त्यानंतर एक तास विसावा. गोळीचा उल्लेख पुसला. छापलेला कागद आईने चष्मा लावून वाचला, त्या ओळीवर बोट ठेवले, आणि काही न बोलता घडी करून पर्समध्ये ठेवला.

सहल ठरल्याप्रमाणे झाली, म्हणून तिचे वर्णन करण्याचे कारण नाही. पाऊण तासाच्या रांगेने आई मुळीच खचली नाही. पंढरपूरच्या दर्शनबारीत उभे राहिलेल्या बाईला ती किरकोळ वाटली. ‘इथं पंखे आहेत की,’ एवढेच ती म्हणाली. सांगण्याजोगे घडले ते त्या विसाव्याच्या तासात, मॅजिक किंग्डमच्या लिबर्टी स्क्वेअरमध्ये. मुले एकाबरोबर दुसरीकडे गेली होती. समोर नदीला पांढरी, मोठ्या चाकाची आगबोट लागली. ‘ही कुठं जाते?’ आईने विचारले. कुठेच नाही, बेटाला वळसा घालून सतरा मिनिटांनी इथेच परत येते, असे सांगितल्यावर ती म्हणाली, ‘मग बसू की.’

ही बोट आमच्या कोणत्याच फाइलीत नव्हती. तिला रांग नसे, आणि ज्याला रांग नाही ते बेतात येत नाही. दुर्मीळ तेवढेच बेताला दिसते. बोट खऱ्या वाफेवर चालत होती. मात्र पाण्याखाली रूळ होता आणि तिची वाट कधीच चुकू शकत नव्हती. आई खालच्या मजल्यावर कठड्याशी बसली. भोंगा झाला. थोड्या वेळाने ती म्हणाली, की मिरजेच्या स्टेशनावर ह्यांच्याबरोबर गाडीची वाट बघत बसलं, की असाच ओलसर, गरम वास यायचा. मग उरलेला वेळ तिने बेटाकडे पाहिले. आम्ही काही विचारले नाही.

ती बोट, ते बेट आणि ती नदी ६ जुलै २०२५ नंतर कायमची बंद झाली. मोटारींच्या एका चित्रपटावर बेतलेला भाग तिथे उभा करायचे ठरले आहे. बातमी आली तेव्हा आई अजून आमच्याकडेच होती. तिला सांगितले. ‘बरं झालं बसलो,’ असे म्हणून ती भाजी निवडू लागली. ‘बसलो’चा कर्ता तिने उच्चारला नाही. मराठीत तो उच्चारावा लागत नाही, आणि ‘आम्ही’ व ‘आपण’ या दोहोंनाही ते रूप चालते.

२०२५ च्या फाइलीची आता गरज उरलेली नाही. जे तिच्यात होते ते घडले, आणि घडलेल्याची छायाचित्रे आहेत. २०२० ची फाइल आम्ही ठेवली आहे. तिच्यातले नियम बाद झाले आहेत, वेळा निरर्थक आहेत, आणि त्या क्रमाने ते उद्यान आता कोणालाच पाहता येणार नाही. तरीही अधूनमधून ती उघडून वाचली जाते. मंगळवार, दुपारी एक: गोळी घेऊ, जेवू, बसू. सहा जणांचे ‘आपण’ तेवढ्या एकाच ठिकाणी लिहिलेले आहे.